हाडाला हुकूम कोण देतं?

मोडलेलं हाड जुळतं कसं, यावर गेल्या अंकात लिहिलं, त्यात ‘ग्रोथ फॅक्टर’ (पेशींना वाढायचा, बदलायचा निरोप देणारी प्रथिनं) हे दोन शब्द ओझरते येऊन गेले. वाचकांनी ते बरोबर पकडले. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया तिथेच आहे.

मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. शरीरातल्या सगळ्या पेशींत तीच जनुकं असतात, असं सर म्हणतात. मग कवटीतल्या पेशीने हाड करायचं आणि दंडातल्या पेशीने स्नायू, हे ठरवतं कोण? सर म्हणाले, ग्रोथ फॅक्टर. पण ते तर रक्तातून सगळीकडे फिरत असतील ना? मग सगळीकडे हाड का होत नाही?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

तुझा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. हाच प्रश्न धरून माणसांनी अख्खी करिअर घालवली आहेत.

सुरुवात 1965 पासून करू. लॉस एंजेलिसला मार्शल युरिस्ट नावाचे अस्थिशल्यचिकित्सक होते. त्यांनी हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यातली खनिजं पार काढून टाकली. मागे उरतो तो मऊ, हाताने वाकवता येणारा भाग, बहुतांश कोलॅजन नावाच्या धाग्यांसारख्या प्रथिनाचा. तो त्यांनी सशांच्या आणि इतर प्राण्यांच्या स्नायूत ठेवून दिला. काही आठवड्यांत स्नायूच्या मधोमध नवं हाड तयार झालं, आत मज्जेसकट. ठेवलेल्या तुकड्यात जिवंत पेशी नव्हती. हाड केलं ते त्या प्राण्याच्याच, आसपासच्या पेशींनी. म्हणजे त्या मेलेल्या तुकड्यात ‘हाड करा’ असं सांगणारं काहीतरी शिल्लक होतं. पुढे त्या काहीतरीला नाव मिळालं बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी.

या गोष्टीत आपल्याकडची दोन माणसं आहेत आणि पाठ्यपुस्तकात ती भेटत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. ए. हरी रेड्डी भारतात शिकले आणि शिकागोला चार्ल्स हगिन्स यांच्याकडे गेले. (हगिन्सना 1966 चं नोबेल मिळालं होतं, पण ते प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या कामासाठी.) रेड्डींनी हाडाची अशी भुकटी उंदरांच्या कातडीखाली ठेवली आणि पुढे काय होतं ते दिवसागणिक टिपलं. तिसऱ्या दिवशी पेशी गोळा होऊन वाढू लागतात, आठवड्याच्या आत कूर्चा (कार्टिलेज) दिसते, नवव्या दिवसाच्या सुमारास रक्तवाहिन्या शिरतात, मग हाड आणि तीन आठवड्यांत मज्जा. गर्भात हातापायांची लांब हाडं याच क्रमाने होतात.

पुढे 1981 मध्ये रेड्डी आणि कुबेर संपत यांनी जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी त्या भुकटीतून विरघळणारी प्रथिनं वेगळी काढली. नुसती प्रथिनं कातडीखाली घातली, हाड नाही. उरलेला नुसता चोथा घातला, तरी हाड नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून घातले, हाड झालं. निरोप हवा आणि तो धरून ठेवणारी जागाही हवी. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: हे बीएमपी रक्तातून गावभर हुकूम वाटत फिरत नाहीत. ते तयार होतात तिथेच, कोलॅजनच्या जाळ्यात अडकून राहतात आणि बहुतेक शेजारच्या पेशींपुरतेच बोलतात. शिवाय नॉगिन नावाचं एक प्रथिन बाहेरच त्यांना पकडून गप्प करतं. बीएमपी मिळालेली हाडाची पेशी हे नॉगिन स्वतःच जास्त करू लागते, म्हणजे हुकुमासोबतच त्याचा लगामही तयार होतो.

आता पेशीच्या आत. 1988 मध्ये जॉन वोझनी आणि सहकाऱ्यांनी काही बीएमपींची जनुकं हाती आणली. (त्यातला पहिल्या क्रमांकाचा बीएमपी प्रत्यक्षात प्रथिनं कापणारा एन्झाइम निघाला, वेगळ्याच कुळातला. नाव मात्र अजून तेच आहे.) बीएमपी स्वतः पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणावर त्याचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, असतात, दोन प्रकारचे, जोडीजोडीने. बीएमपी येऊन बसला की एक प्रकार दुसऱ्याला जागं करतो आणि तो दुसरा आतल्या स्मॅड नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेटचा तुकडा चिकटवतो. यातले स्मॅड 1, 5 आणि 8 हे बीएमपीचे. फॉस्फेट लागलेले स्मॅड, स्मॅड-4 ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि जनुकांच्या आधीच्या डीएनएवर बसतात.

मात्र स्मॅडची डीएनएवरची पकड सैल असते. एकट्याने त्यांचं फारसं चालत नाही, जोडीदार लागतो. तो जोडीदार कोण, आणि त्या पेशीत डीएनएचा कुठला भाग उघडा आहे नि कुठला गुंडाळून बंद, यावर कुठलं जनुक चालू होणार ते ठरतं. आपली शाळेची घंटा बघ. साडेअकराची घंटा आणि साडेपाचची घंटा, आवाज तोच. पण एकीला मुलं वर्गात शिरतात, दुसरीला दप्तर उचलतात. आणि शेजारच्या चहावाल्याला दोन्हींचा अर्थ एवढाच, की आधण ठेवा. बीएमपी ही घंटा आहे. ‘हाड’ हा शब्द तिच्यात कुठेही लिहिलेला नाही.

हाडाच्या वाटेवरचा मुख्य जोडीदार 1997 मध्ये ओळखला गेला. त्याचं नाव रन्क्स-2. जपानमध्ये तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांचा सांगाडा जागच्या जागी होता, आकारही बरोबर, पण अख्खा कूर्चेचा. हाडाचा कण नाही. बरगड्या मऊ, त्यामुळे पिलांना श्वास घेता येईना आणि जन्मल्याबरोबर ती मेली. माणसात याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तर क्लायडोक्रेनियल डिसप्लेजिया होतो. बाळाची टाळू वर्षानुवर्षं भरत नाही, गळ्याजवळची कॉलरबोन अर्धवट किंवा नसतातच, त्यामुळे काहींना दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवता येतात. दात मात्र नेहमीपेक्षा जास्त. एक प्रत शाबूत असूनही ही अवस्था, म्हणजे ते प्रथिन केवळ असून भागत नाही, पुरेसं असावं लागतं.

रन्क्स-2 नंतर ऑस्टेरिक्स नावाचं तसंच दुसरं जनुक चालू होतं (ते 2002 मध्ये सापडलं), तेव्हा पेशीची वाट पक्की होते. तोवर तिला दुसऱ्या वाटाही मोकळ्या असतात: त्यांच्याच जातीचं सॉक्स-9 वरचढ झालं तर कूर्चा, पीपीएआर-गॅमा वरचढ झालं तर चरबी. वाट पक्की झालेली पेशी आधी कोलॅजन विणते, मग अल्कलाइन फॉस्फटेज हे खनिज बसायला मदत करणारं एन्झाइम काढते, सरतेशेवटी ऑस्टिओकॅल्सिन हे पिकलेल्या हाडपेशीची खूण असलेलं प्रथिन. हा क्रम मी वर्षानुवर्षं काचेच्या बशीत पाहिला आहे. उंदराच्या पिलाच्या कवटीतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना क जीवनसत्त्व आणि फॉस्फेटचा पुरवठा द्यायचा आणि तीन आठवडे थांबायचं. त्या तीन आठवड्यांत पुण्याची वीज जाऊ नये आणि दिवाळीच्या सुट्टीत कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर संपू नये, एवढीच प्रार्थना. शेवटी ॲलिझरिन रेड नावाचा रंग टाकला की जिथे कॅल्शियम बसलंय तिथे लालभडक ठिपके उठतात. विद्यार्थी जनुकांचे आलेख विसरतात, ते ठिपके विसरत नाहीत.

आणि तुझ्या सरांना दाखवायला हा एक प्रयोग. 1994 मध्ये जपानमध्येच उंदराच्या, स्नायू होऊ घातलेल्या पेशींना (त्यांना सी-2-सी-12 म्हणतात) बीएमपी-2 दिला. त्या पेशींनी स्नायूची प्रथिनं करणं थांबवलं आणि अल्कलाइन फॉस्फटेज नि ऑस्टिओकॅल्सिन करू लागल्या. वाट अजून बंद झाली नव्हती, म्हणून वळल्या. पुरत्या तयार झालेल्या स्नायूच्या तंतूला हीच घंटा ऐकवली, तर तो हाड होत नाही.

वेळेचं शेवटचं सांगते. रन्क्स-2 हवंच, तर भरपूर असावं, असं वाटेल. 2001 मध्ये उंदरांच्या हाडपेशींत ते कायम वाढवून पाहिलं. पेशी अर्ध्या वयातच अडकल्या, हाडं विरळ झाली आणि मोडू लागली. सुरुवातीला चालू करायचं आणि पुढे कमी करायचं, हे दोन्ही लागतं.

माझ्या मुलाचं वय तेरा. शाळेच्या तपासणीत रक्त घेतलं, त्यात अल्कलाइन फॉस्फटेजपुढे जाड अक्षरात ‘जास्त’ असं छापून आलंय. कावीळ तर नाही ना?
— एक आई, नाशिक

वर जे एन्झाइम आलं, तेच हे. वाढीच्या वयात हाडाच्या पेशी ते भरभरून काढतात आणि त्यातलं काही रक्तात उतरतं. मुलगे तेराचौदाव्या वर्षी उंच होऊ लागतात, तेव्हा हा आकडा मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट असणं नेहमीचं आहे. पुष्कळ लॅब अहवालावर मोठ्यांचीच मर्यादा छापतात, त्यामुळे ही जाड अक्षरं येतात. यकृताच्या बाकीच्या चाचण्या, म्हणजे बिलिरुबिन, एसजीपीटी, ठीक असतील आणि मुलाचं खाणंपिणं, उंची ठीक असेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. पाय वाकलेले दिसत असतील किंवा हाडं दुखत असतील, तर ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण मुडदुसातही हाच आकडा चढतो. मुलांच्या डॉक्टरांना अहवाल एकदा दाखवाच.

गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच रक्तातले ग्रोथ फॅक्टर काढून गुडघ्यात सोडू, झीज भरून येईल. एका सुईचे बरेच पैसे आहेत आणि अशा तीन सांगितल्यात. घेऊ का?
— एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, सांगली

काका, याला पीआरपी म्हणतात. तुमचं रक्त यंत्रात गरगर फिरवून त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या काढतात. प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर खरोखरच असतात. जखम झाली की सर्वांत आधी तेच सांडतात आणि पुढची डागडुजी सुरू होते. इथवर डॉक्टरांचं बरोबर आहे.

‘झीज भरून येईल’ हे मात्र मला पटत नाही. बार्शीच्या मुलीला दिलेलं उत्तर वाचा: ऐकणारी पेशी कोण, ती कुठल्या अवस्थेत आहे, यावर सगळं. झिजलेल्या गुडघ्यात ऐकणाऱ्या कूर्चापेशी थोड्या, म्हाताऱ्या आणि सुजेने आधीच त्रासलेल्या. त्यातही टीजीएफ-बीटा हा असा, की हाडाची पेशी कोवळी असताना तिची संख्या वाढवतो आणि तीच पिकू लागली की तिला अडवतो. त्या सुईत असे कितीतरी एकत्र असतात, आणि तुमच्या सुईत किती नि शेजाऱ्याच्या सुईत किती, याचं माप कुणी घेत नाही.

2021 मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघेदुखीच्या 288 रुग्णांवर याची नीट चाचणी झाली. अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना साधं सलाइन, आणि कुणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नाही. वर्षानंतर दुखण्यात आणि कूर्चेच्या मापात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. दुसऱ्या काही लहान चाचण्यांत दुखणं कमी झाल्याचं दिसतं, हेही सांगायला हवं. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि झीज भरणं वेगळं.

मी तुमच्या जागी असते, तर ते पैसे आधी चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे मांडीचे स्नायू बळकट करण्यावर घातले असते आणि वजन जास्त असेल तर ते उतरवलं असतं. निर्णय तुमचा. डॉक्टरांना एकच विचारा: भरून आलेली कूर्चा एमआरआयमध्ये दिसेल का?

खरोखर हाड करणारा ग्रोथ फॅक्टर औषध म्हणूनही मिळतो, तो बीएमपी-2. अमेरिकेत 2002 पासून कमरेचे मणके सांधताना तो वापरतात. शरीरात तो मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असतो, शस्त्रक्रियेत मिलिग्रॅमच्या हिशेबात घालावा लागतो. मानेच्या मणक्यात घातल्यावर गळ्याला जिवावर बेतणारी सूज आल्याच्या तक्रारी झाल्या आणि 2008 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. तो गुडघ्यासाठी नाही.

स्नायूंचं हाड होत जातं असा एक आजार असतो, असं ऐकलं. हे खरं आहे का? मी परिचारिका आहे, पण असा रुग्ण पाहिला नाही.
— लातूरहून एक वाचक

खरं आहे. त्याला फायब्रोडिस्प्लेजिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, थोडक्यात एफओपी म्हणतात आणि तो दहा ते वीस लाखांत एखाद्याला होतो, त्यामुळे तुम्ही पाहिला नसेल हे स्वाभाविक आहे. खूण मात्र लक्षात ठेवा, कधी एखाद्या बाळाच्या उपयोगी पडेल: जन्मतः दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले. बाकी बाळ धडधाकट. मग काही वर्षांत मानेवर, पाठीवर गाठी येतात, सूज येते आणि ती उतरते तेव्हा तिथे हाड असतं. हळूहळू सांधे जखडतात.

2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आयलीन शोअर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने कारण शोधलं. बीएमपीच्या एका रिसेप्टरच्या जनुकात, एसीव्हीआर-1 मध्ये, डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनातल्या 206 व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. जगभरातल्या बहुतेक रुग्णांत हाच बदल, अगदी याच जागी. पुढे 2015 मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट कळली. ॲक्टिव्हिन-ए नावाचा एक रेणू जखमेच्या, सुजेच्या जागी जमतो. साध्या रिसेप्टरवर तो बसला तरी स्मॅड 1 आणि 5 जागे होत नाहीत. बदललेल्या रिसेप्टरवर तोच रेणू बीएमपीसारखा वागतो. म्हणून या मुलांना मुका मार लागला, तरी तिथे हाड होऊ शकतं.

तुमच्या कामाचं इथेच आहे. अशा मुलाची गाठ कापून तपासायला पाठवायची नाही, स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. गाठ बघून कर्करोगाचा संशय येतो, तुकडा काढला जातो आणि त्या जखमेतच नवं हाड होतं. शंका आली, तर आधी पाय बघायचे आणि रक्तातून जनुक-तपासणी करायची. पॅलोव्हारोटीन नावाच्या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये परवानगी मिळाली. ते नवं हाड होणं कमी करतं, झालेलं हाड विरघळवत नाही, आणि लहान मुलांत वाढीची टोकं अकाली बंद करू शकतं, म्हणून वयाची अट आहे.

आमच्याकडे हाड मोडलं की कांडवेल बांधतात. त्यात ग्रोथ फॅक्टर असतो का?
— आजऱ्याहून एक वाचक

नाही. आपण ज्यांच्याविषयी बोलतोय ते ग्रोथ फॅक्टर प्राण्यांच्या पेशींनी केलेली प्रथिनं आहेत, वेलीत ती नसतात. कांडवेलीचा अर्क बशीतल्या हाडपेशींवर टाकल्यावर अल्कलाइन फॉस्फटेज वाढल्याचे प्रयोग आहेत, तेव्हा ती पार निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण बशीतून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि वरून बांधलेल्या पाल्यातलं आत किती पोचतं हा वेगळाच प्रश्न. बांधायचीच हौस असेल, तर आधी एक्स-रे काढून हाड सरळ बसवून घ्या. बोटं काळीनिळी किंवा बधिर होतील इतकं आवळून तर मुळीच बांधू नका.

जुळवण्याचं काम शरीर करतंच. उंदरांच्या पायांतून फक्त बीएमपी-2 चं जनुक काढलं, तर हाडं तयार झाली, पण त्यांना बारीक तडे जात आणि ते भरून येण्याची सुरुवातच होत नसे. हे 2006 मध्ये दाखवलं गेलं. बाकीचे बीएमपी जागेवर होते, तरी त्यांना ते जमलं नाही.

वय अडुसष्ट. डॉक्टर म्हणतात चाला, हाडं टिकतील. चालल्याचं हाडाला कळतं कसं?
— एक आजी, रत्नागिरी

आजी, हाडाच्या आत खोलवर ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी गाडून बसलेल्या असतात. हाड करणाऱ्या पेशीच स्वतः केलेल्या हाडात अडकून ऑस्टिओसाइट होतात. त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन काढतात आणि ते नव्या हाडाचं काम थांबवून ठेवतं. तुम्ही पाऊल टाकलं की हाडावर भार येतो, हाड कणभर वाकतं, आणि या पेशी स्क्लेरोस्टिनचं जनुक मंद करतात. झोपून राहिलं की ते पुन्हा वाढतं. अंतराळवीरांच्या अंगावर भारच नसतो, त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का जातं.

दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानेर (मुख्यतः डच वंशाच्या) कुटुंबांत हे जनुक जन्मतः बंद असतं. त्यांची हाडं अतोनात जाड होतात, इतकी की कवटीत नसा दाबल्या जाऊन ऐकू येणं जातं. त्यांच्यावरून स्क्लेरोस्टिनला अडवणारं इंजेक्शन निघालं, रोमोसोझुमॅब, 2019 पासून वापरात आहे. ते महिन्याला एकदा, वर्षभरच घ्यायचं असतं, आणि गेल्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर देत नाहीत. तुम्हाला त्याची गरज आहे की नाही, हे डेक्सा (हाडाची घनता मोजणारी) तपासणी बघून डॉक्टर ठरवतील. तोवर चाला, जमेल तर उताराऐवजी चढाच्या बाजूने. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर मात्र नको, घरातल्या घरात जिना चढा.